पाणलाव्याची उलटी पाटी

संग्रहालयात मेलेल्या पाखरांत कापूस भरून त्यांना जिवंतासारखं उभं करणारा एकच माणूस. सगळे त्यांना कापूसकाका म्हणत. हात असा, की काच उघडली तर पाखरू भुर्रकन उडेल असं वाटावं.

जुन्या, वाळलेल्या कातड्यांतून त्यांनी रंगीत पाणलाव्याची जोडी मांडली होती. दलदलीत, गवताच्या बुडाशी राहणारा हा लाजरा पक्षी. तांबड्या गळ्याचा ऐटीत उभा, मळकट रंगाचा चार अंड्यांवर बसलेला. पाटीवर लिहिलं : उभा तो नर, बसलेली ती मादी. मोर काय, कोंबडा काय, नटलेला तो नरच, हा काकांचा हिशेब.

फरशी पुसणाऱ्या मावशी एकदा काचेपाशी थांबल्या. भोवती पाहुणे होते. "काका, हे उलटं झालंय. आमचं घर दलदलीलाच होतं. यांच्यात बाई नटते, हाका मारत फिरते, अंडी घालून मोकळी होते. उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं बाप्याकडे."

पाहुणे हसले. काकांना ते झोंबलं. "मावशी, ज्याचं काम त्यानं करावं. तुम्ही फरशी बघा."

पाहुणे पुन्हा हसले, आता मावशींना. त्यांनी फडकं पिळलं आणि बादली उचलून त्या पुढच्या दालनात गेल्या.

दोन महिन्यांनी तारेला धडकून मेलेला पाणलावा कुणी आणून दिला. तांबडा गळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. काकांनी पोट उघडलं आणि सुरी खाली ठेवली. आत अंडं होतं, टरफलासकट तयार. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांचे कान तापले.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी गुपचूप पाटी बदलली. पुढच्या बैठकीत संग्रहालयाचे साहेब नव्या पाटीबद्दल म्हणाले, "बघा, या वयातही स्वतःची चूक स्वतः शोधतात!"

"कामच आहे आपलं," काका बोलून गेले. मावशी तिथेच कप गोळा करत होत्या. त्यांनी एकदाच वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

रात्री जेवताना काकांनी बायकोला सगळं सांगितलं.

"मग कबूल करा की."

"मग माझं काय राहील?"

"आत्ता काय राहिलंय?"

सकाळी संग्रहालयाच्या मोरीपाशी त्यांनी मावशींना गाठलं. "तुमचंच खरं होतं. चुकलो मी."

"ते मला ठाऊकच होतं," मावशी म्हणाल्या. "पण काका, बोललात चारचौघांत. चुकलो म्हणताय ते मोरीत."

पुढच्या बैठकीत काका उभे राहिले. "ती चूक मी शोधली नाही. मावशींनी सांगितली होती. मी त्यांनाच गप्प बसवलं."

कुणीतरी खोकलं. "बरं, पुढचा विषय," साहेब म्हणाले.

मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. त्यांच्या कानावर हे गेलं की नाही, ते विचारायचा धीर काकांना अजून झालेला नाही.