डोबरमनने आज माझ्या पायाला अंग टेकवलं

मंडळी, आज सकाळी दिंडोशीला बहिणीकडे गेलो. लिफ्टमध्ये शिरलो तर आत डोबरमन! माझी पार वाट लागली. पट्टा धरलेली मुलगी म्हणाली, "काका, काही नाही करणार, लाडोबा आहे तो." तेवढ्यात त्याने माझ्या पायाला अख्खं अंग टेकवलं आणि मान वर केली.

"जातच अशी आहे," ती म्हणाली. "जर्मनीत एका करवसुली करणाऱ्याने राखणीला तयार केली. तेव्हा फार तापट होती. मग लोक शांत पिल्लं निवडत गेले. पण माणसाला चिकटून राहणं पहिल्यापासूनचं."

मला शेरा आठवला. ऐंशीच्या दशकात गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा नाहूरला एका कारखान्यात वॉचमन होते. शेरा तिथला डोबरमन, आवारातल्या आमच्या खोलीसमोरच बांधलेला. बाबांचा नियम एकच, "हात लावू नको हां! तो लाडावलो तर राखण कोण करतलो?" त्याचं जेवणसुद्धा आम्ही काठीने सरकवायचो. मी शाळेतून आलो की तो साखळी ताणून मान पुढे काढायचा आणि मी भिंतीला चिकटून पळायचो. चावायलाच येतोय, असं वाटायचं ना!

आज माझा मजला आला तरी उतरलो नाही. त्याची मान खाजवत शेवटच्या मजल्यापर्यंत गेलो. झकास वाटलं यार.

शेरा चार वर्षं रोज तशीच मान पुढे करत होता. तुमच्याही घरी होतं का असं कुणी, ज्याला राखणीला ठेवलं आणि कधी हातच लावला नाही?