पुठ्ठ्याची टाकी

प्रभाकर खोत सिल्वासाच्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढत. १९८८च्या प्रदर्शनासाठी त्यांनी सामरवरणीच्या नव्या पाण्याच्या टाकीची पुठ्ठ्याची प्रतिकृती केली आणि रंगावर अडले. काळ्यात पांढरा मिसळला तर टाकी लोखंडी कपाटासारखी दिसे. पांढरा वाढवला की संगमरवरी समाधीसारखी. "सिमेंट करडंच असतं हो," जो तो येऊन सांगे. खोत मनातल्या मनात त्याला शिव्या घालत.

शेवटी त्यांनी टाकीच्या कामावरून काँक्रीटचा एक तुकडा रुमालात बांधून आणला. खिडकीच्या उजेडात धरल्यावर दिसलं, त्यात पिवळं आहे, मातकट आहे, काळं जवळपास नाहीच. काळी बाटली त्यांनी खणात फेकली. पांढऱ्यात पिवडी, गेरू आणि थेंबभर निळा कालवून तो रंग टाकीवर स्पंजानं थापला.

कचेरीच्या नव्या खोलीचा स्लॅब कालच ओतला होता. त्यावर पाणी मारायला आलेली धुळ्याकडची तानूबाई बादली घेऊन दारात थबकली. टाकीकडे बघत म्हणाली, "भाऊ, याले पानी मारलं का नाही? तडे जातीन ना!"

तीन दिवसांत खोत पहिल्यांदाच हसले. मग उठून तिची बादली त्यांनी घाईघाईनं दाराबाहेर नेऊन ठेवली.