डॅशबोर्डवरची काडतुसं

वेगाचं कौतुक मला कुणी सांगू नये. मस्कतच्या रुवी भागातल्या एका परवानाधारक दुकानात मी कित्येक वर्षं बंदुका दुरुस्त केल्या आहेत. पुढे दुकान, मागे माझं लेथ मशीन. मी मूळचा चिपळूणकडचा टर्नर, हात साफ. दुकानाचा ओमानी मालक, आमचा अर्बाब, गिऱ्हाइकाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "ये हमारा उस्ताद."

मग ती नवीन वेगवान काडतुसं आली आणि ती विकायला अर्बाबने एक सेल्समन ठेवला. ठाण्याचा, तिशीतला. मला 'काका काका' करायचा, पण काकाचं एक अक्षर ऐकेल तर शपथ!

खोटं कशाला बोलू, काडतुसं चांगली होती. गोळी इतकी सुसाट जायची की तीनशे मीटरवरसुद्धा फारशी खाली उतरायची नाही, वाऱ्यानेही कमी सरकायची. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधायचा. ओमानात शिकारीला बंदी, पण आमची काही गिऱ्हाइकं परदेशात शिकारीला जायची, बाकीची रेंजवर निशाण्यावर मारायची. सगळी खूश. पण वेग काय फुकट मिळतो? दाब जास्त, म्हणून नळी लवकर झिजते. खांद्याला दणका बसतो. जवळून मारलं तर मटणाच्या चिंध्या होतात, खायचं काय, कपाळ? आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऊन. काडतूस तापलं की आतला दाब आणखी चढतो. मग पितळी खोळ फुगून आत घट्ट बसते, बोल्ट, म्हणजे बंदुकीची मागची खिट्टी, उघडत नाही. दाब फारच चढला तर बंदूक तोंडावर फुटू शकते.

आणि हा शहाणा डबे ठेवायचा कुठे? गाडीच्या डॅशबोर्डवर! जूनमध्ये, ओमानात! गाडी रेंजवर उन्हात उभी, काचेतून डबे दिसले की गिऱ्हाईक आपणहून विचारतं म्हणे. मी त्याला दोनदा बजावलं, "अरे, मरेल कोणीतरी." तो हसला. "काका, तुमच्या जमान्यातली नाहीत ही."

दोन गिऱ्हाइकांचे बोल्ट अडकले. ह्याने अर्बाबला जाऊन सांगितलं, उस्तादाने नळीतली काडतूस बसायची जागा वाकडीतिकडी घासलीय. नाचता येईना अंगण वाकडं! अर्बाबने मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "एक और कम्प्लेंट, फिर खलास. व्हिसा कॅन्सल." माझी मुलगी तेव्हा वादी कबीरच्या शाळेत दहावीत होती. मध्येच शाळा सोडवून तिला कुठे नेणार होतो? घरी बायकोला सांगितलं तर ती नुसती खाली बसली.

तेव्हाच अर्बाबला खरं कारण सांगायला हवं होतं. पण नाही सांगितलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. मला ते चार भिंतींत मिटवायचंच नव्हतं. मला त्याला चारचौघांत उघडा पाडायचा होता. दोन आठवडे मी मूग गिळून काम केलं, त्याचा चहासुद्धा हसत घेतला.

एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर, सीबपलीकडच्या रेंजवर गिऱ्हाइकांना काडतुसं दाखवायची होती. अर्बाब होता, ज्यांचे बोल्ट अडकले होते ते दोघंही होते. त्याच काडतुसांच्या डब्यातली दहा मी आधीच माझ्या आईसबॉक्समध्ये ठेवली होती. बोल्ट अडकलेल्या एका बंदुकीतूनच पाच मी मारली. बोल्ट लोण्यासारखा उघडला. मग बंदूक सेल्समनच्या हातात दिली. "नळी मी बिघडवली ना? मग ही पाच तू मार." त्याने मारली. पाचही वेळा बोल्ट अलगद उघडला.

"आता तुझ्या गाडीतलं एक."

तो गाडीपर्यंत गेला आणि काडतूस रुमालात धरून घेऊन आला. इतकं तापलं होतं. त्याने ते बंदुकीत घातलं आणि थांबला. बंदूक खांद्याला लावलीच नाही.

"मार की!" मी म्हणालो. "ह्याच डब्यातली विकतोस ना लोकांना?"

"काका, नको ना."

सगळे बघत होते. अडकलेल्या बोल्टवालं एक गिऱ्हाईक अर्बाबला अरबीत काहीतरी तडकून बोललं. अर्बाबने पुढे होऊन बंदूक काढून घेतली आणि काडतूस बाहेर काढलं. "खलास," एवढंच म्हणाला. महिन्याभरात सेल्समन ठाण्याला परत गेला. मला हायसं वाटलं, आनंदही झाला, लपवत नाही. माझ्या मुलीने वादी कबीरमधूनच दहावी दिली.

पण त्या दिवशी परतताना गाडीत अर्बाबने विचारलं होतं, "उस्ताद, वो मारता तो तुम रोकता?"

खोटं बोलता आलं असतं. पण राग अजून उतरला नव्हता.

"नही रोकता," मी म्हणालो.

त्याने मला नोकरीवर ठेवलं, पगारही वाढवला. फक्त त्यानंतर, मी तपासून दिलेली प्रत्येक बंदूक गिऱ्हाइकाला देण्याआधी तो स्वतः उघडून बघायचा.