परत येण्याचा पुरावा

लेक जर्मनीत बाळंत झाली तेव्हा मी आबिड्सला झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. मी परत येईन याचा पुरावा व्हिसाच्या अर्जाला जोडायचा होता, म्हणून नोकरीचा दाखला आणि घराचे कागद घेऊन गेले होते. माझ्या धाकट्या बहिणीचा पासपोर्ट अमेरिकेचा. तिला तिथे व्हिसा लागतच नाही. तिकीट काढलं आणि पोचलीसुद्धा.

"कुठल्या देशाचे लोक आले की परत जात नाहीत, तेही बघून व्हिसा कुणाला लावायचा ते ठरवतात," जावयाने फोनवर समजावलं. मी चिडलेच. काचीगुड्याचं घर सोडून गेली आणि परत आली नाही ती बहीण; मी आठ दिवसांच्या वर कुठे राहिलेली नाही.

बाळाच्या बाराव्या दिवशीही माझा पासपोर्ट व्हिसाच्या ऑफिसातच अडकला होता. बहिणीने व्हिडिओ कॉल लावला. पाय पसरून, त्यावर माझ्या नातीला घेऊन ती अंघोळ घालायला बसली होती. ती जागा माझी होती.

"ताई, नाक तुझंच आलंय बघ. लगेच लाल होतं!"

"तेल कोमट केलंस का आधी?" मी विचारलं. तिने केलं होतं.