काकूंचा चेहरा

नणंदेने इस्त्री केलेला कुर्ता घातला होता, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिच्या दिल्लीतल्या, मुनिरक्याच्या भाड्याच्या खोलीत इस्त्री आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मी नोएडात आमच्या ऑफिसबाहेर चहा घेत उभी होते. सकाळीच तिचा फोन आला होता की अंगात ताप आहे, आमच्या कॉमिकच्या चौथ्या अंकाची पानं आज काही होत नाहीत. आणि ही तापलेली बाई काखेत चित्रांची फाइल मारून समोरच्या इमारतीत शिरत होती. त्या इमारतीत कुणाचं ऑफिस आहे, ते मला चांगलं ठाऊक होतं.

आमचं कॉमिक दोघींचं. मी लिहिते, ती चित्रं काढते. नायिका म्हणजे दिल्लीतल्या एका सोसायटीत राहणाऱ्या मराठी काकू. त्यांना सगळ्यांवर संशय येतो आणि तो बहुतेक खरा निघतो. पहिला अंक झेरॉक्स काढून, स्टेपल मारून आम्ही दिवाळीच्या मेळ्यात चकलीच्या स्टॉलशेजारी मांडला. लोकांनी चकली घेतली. दुसरा हिंदीत काढला. छापणारा म्हणाला, काकूंची आंटी करा, जास्त खपेल. आम्ही दोघी एकदमच ‘बिल्कुल नहीं’ म्हणालो. तिसऱ्याला वाचक मिळाले आणि त्यांच्या मागोमाग ही समोरच्या इमारतीतली ॲनिमेशन कंपनी आली. काकू आम्हाला द्या, पुढच्या गोष्टी आमची माणसं लिहितील, असं त्यांचं म्हणणं. माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ठरलं होतं की काकू दोघींच्या आहेत, एकटीने कुणी द्यायच्या नाहीत. कागद केला नव्हता. घरात कसला कागद करायचा?

खरं तर काकूंच्या चेहऱ्याबद्दलही मला शंका होतीच. पहिल्या अंकात त्या कुणासारख्याही दिसायच्या. तिसऱ्यापर्यंत मात्र चष्म्यावरून बघणं, ओठ मुडपणं, भाजीवाल्यासमोर कमरेवर हात, सगळं आलं. मी ओळखलं, या तर आमच्या सासूबाई! लेकीने आईला अगदी बरोबर पकडलं होतं. मी चकार शब्द काढला नाही, फक्त काकूंचे संवाद जरा जास्तच खोचक लिहायला लागले. मजा यायची, खोटं कशाला बोलू?

चहा तसाच टाकून मी तिच्या मागे गेले. रिसेप्शनवर ‘राइटर हूँ’ म्हटल्यावर मला मीटिंगच्या खोलीकडे पाठवलं. दार अर्धवट उघडं होतं. टेबलावर नव्या काकू पसरल्या होत्या. पंचविशीतल्या, कंबर मुठीत मावेल एवढी, चष्मा गायब. हिने काकूंना विकलं, आणि काकू लिहिण्यात घालवलेले माझे सगळे रविवारही.

“एक साइन की तो बात है, मॅडम,” समोरचा माणूस म्हणत होता.

“अरे यार, कितनी बार बोलूँ,” नणंद म्हणाली, “काकू अकेली मेरी नहीं हैं। और ये चेहरा तो मेरी भाभी का है। ये पतली कमर उनको दिखाइए, हिम्मत है तो।”

इतके दिवस ज्या बाईला मी हौसेने टोचे मारत होते, ती मीच होते! कान गरम झाले. भयंकर राग आला. आणि ही मुलगी मला इतकं निरखून बघते, याचं बरंही वाटलं. मी दार ढकललं.

“वहिनी, तू?”

“ताप उतरला वाटतं.”

“तुला सांगितलं असतं तर तू आधी माझ्यावरच संशय घेतला असतास,” ती म्हणाली. “मेलवर हे लोक ऐकत नव्हते. म्हटलं, एकदा तोंडावर ‘नाही’ सांगून येते.”

त्या माणसाने नणंदेच्या फाइलमधून डोकावणाऱ्या तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने नवी चित्रं गोळा करायला लागला. मी त्याच्याकडे चष्म्यावरून बघत होते, हे मला नंतर कळलं.

चौथा अंक आम्हीच छापला. सासूबाई तो हातात घेऊन कोचावर बसतात, मुखपृष्ठ बघतात, मग दारात भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या माझ्याकडे बघतात आणि गालातल्या गालात हसतात. त्यांना हे पहिल्यापासून माहीत असणार, असा माझा दाट संशय आहे. विचारायची मात्र हिंमत होत नाही.