फॅक्समधून गाळलेली ओळ

पाचव्यांदा बूट करताना, म्हणजे सुरू करताना, कॉम्प्युटरचं मशीन पुन्हा बंद पडलं. रेड्डी साहेब मशीन रूममधून बाहेर आले, ते थेट मिलिंदच्या टेबलापाशी.

"क्या जी, तुम्हारा ड्रायव्हर फिर गिर गया?"

"देखतूँ सर," मिलिंद म्हणाला.

सिकंदराबादच्या आमच्या ऑफिसातलं दोन प्रोसेसरचं ते पहिलंच मशीन. आयात खुली झाल्यावर परदेशी पार्टनरने पाठवलेलं. त्यावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालवून दाखवायची होती. डिस्कशी बोलणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मिलिंदने लिहिला होता. शुक्रवारी साहेब पार्टनरला एका इंजिनिअरचं नाव कळवणार होते. सहा महिने अमेरिका. नाव मिलिंदचंच, हे प्यूनलाही माहीत होतं.

मिलिंद रेल्वेतल्या फिटरचा मुलगा, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला मीच शिकवला होता. मला तो 'दादा' म्हणायचा. तो जाणार आणि मी मलकपेठहून रोजची बस धरणार, हे मला सहन होत नव्हतं.

कर्नलला पुढे जाता येईनासं झालं की तो स्वतःच थांबतो आणि पडद्यावर आकड्यांच्या ओळी टाकतो. याला पॅनिक म्हणतात. आमच्या मशीनची तोवर डिस्कच सुरू झालेली नसे, म्हणून त्या ओळी हाताने वहीत उतरवाव्या लागत. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझं.

पाचही वेळा कर्नल मिलिंदच्या ड्रायव्हरमध्येच पडला होता. पण शेवटच्या ओळीत प्रोसेसरचा नंबर असतो. तो पाचही वेळा १ होता. मोजणी शून्यापासून, म्हणजे हा दुसरा प्रोसेसर. पहिल्याने सगळी मांडामांड करायची आणि मग दुसऱ्याला उठवायचं, असा क्रम. इथे दुसरा आधीच उठून अर्धवट तयार ड्रायव्हरमध्ये शिरत होता. चूक उठवणाऱ्या कोडची होती, आणि तो कोड पार्टनरकडून आलेला. तिसऱ्या पॅनिकलाच हे माझ्या लक्षात आलं होतं.

"फेअर कॉपी बनाव, पार्टनर कू फॅक्स करना है," साहेब म्हणाले.

मी सुवाच्य अक्षरात कॉपी केली. शेवटची ओळ गाळली. पाचही वेळा.

मिलिंद तीच कॉपी समोर ठेवून दोन दिवस स्वतःचा कोड वाचत राहिला. कँटीनमध्ये त्याने विचारलं, "दादा, स्क्रीनवर अजून काही नव्हतं ना?"

"होतं ते सगळं लिहिलंय."

पार्टनरचं उत्तर आलं : ड्रायव्हर तपासा. शुक्रवारी साहेबांनी माझं नाव कळवलं.

सोमवारी मिलिंदने दुसरा प्रोसेसर काढून ठेवला. मशीन दहा वेळा बूट झालं, एकदाही पडलं नाही. त्याने प्रोसेसर परत बसवला आणि पॅनिक येईपर्यंत पडद्यासमोर उभा राहिला. मग माझ्या टेबलाशी आला.

"एक ओळ राहिली वाटतं तुमची."

"घाईत राहिली असेल."

"पाच वेळा?"

साहेबांकडे तो गेला नाही. मी जाऊ शकलो असतो. नाव बदलायला अजून वेळ होता. मी व्हिसाचे फोटो काढायला आबिड्सला गेलो.

अमेरिकेहून परतलो तेव्हा मशीन व्यवस्थित चालत होतं. उठवण्याचा क्रम मिलिंदने दुरुस्त केला होता. त्याने मशीन मला नीट समजावून दिलं. "इथे बघा, सर," म्हणाला. पुढे नोकरी सोडेपर्यंत मी त्याचा 'सर'च राहिलो.

नव्या इंजिनिअरांना मी अजून सांगतो : पॅनिक आलं की स्वतः पडद्यासमोर उभे राहा, दुसऱ्याच्या फेअर कॉपीवर जाऊ नका. का, ते आज पहिल्यांदाच सांगतोय.