घुमटाखाली बसलेला अमरनाथ

अमरनाथ गुरव माझा वर्गमित्र. उदगीरला आम्ही एकाच कॉलेजात शिकलो. वडील वारले तसा तो देवणीजवळच्या आमच्या गावी परतला आणि महादेवाच्या पूजेला लागला.

देऊळ विटांचं. घुमट चुन्यात बांधलेला. भूकंपात त्याला भेग पडली. दर श्रावणाआधी कमिटी रंग मारते, भेग झाकते. अमरनाथनं भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच फुटणार. महिन्यात फुटली. तुकडे घेऊन तो अध्यक्ष शेषेरावांकडे गेला.

"तात्या, घुमट फाकायलाय. नवा कळस नका चढवू. वजन सोसायचं न्हाई."

"महादेव राखणार हाय. तू घंटा वाजव."

"आन् भजनाच्या बायांवर पडला तर?"

"भेग तुझ्या डोक्यात हाय, अमऱ्या."

पारावर हशा पिकला.

आमच्याकडं कळसाला पहिला हात गुरवाच्या घरचा लागतो. अमरनाथनं हात लावायचं नाकारलं. शेषेरावांनी क्रेन आणली.

त्या दिवशी हलग्या वाजत होत्या. काँक्रीटच्या बैठकीसकट पितळी कळस घुमटावर लोंबत होता. अमरनाथ गाभाऱ्यात शिरला. पिंडीशेजारी मांडी घालून बसला.

"ठेवा आता!" तो आतून ओरडला. "मजबूत हाय म्हणता ना? तात्या, तुमी बी या. जागा लई हाय."

"ओढा रे भाड्याला बाहेर," शेषेराव म्हणाले.

पोरं उंबऱ्यापर्यंत गेली. वर बघून तिथंच थांबली. मग त्याची आई, पार्वतीबाई, पदर खोचून आत गेली. लेकाला चिकटून बसली.

"आत माणसं हायेत. मी न्हाई ठेवत," क्रेनवाला म्हणाला. त्यानं कळस अंगणात उतरवला.

संध्याकाळी कमिटीनं अमरनाथची पूजा काढून घेतली. देवाचं कार्य मोडलं म्हणे. पिढ्यांची पूजा. सगळे आपापल्या घरी गेले. मीही गेलो.

कळस अजून अंगणातच आहे. आता भोकरचा पुजारी आहे. तो झटपट बेल वाहतो आणि आरती उंबऱ्याबाहेरून ओवाळतो. शेषेरावही बाहेरच उभे राहतात.

अमरनाथ लातूरला एका दुकानात कामाला लागलाय. फोनवर आधी एकच विचारतो.

"बायांना आत बसवतेत का अजून?"

"बसवतेत. दर सोमवारी."

मग तो शिव्या देतो. शेषेरावांना, कमिटीला, सगळ्या गावाला. मलाही. मी फोन ठेवत नाही.